पाइप, टाइप आणि लाल शाईचा शेरा

नववीच्या वर्गात एक निबंध दरवर्षी ठरलेला असतो. मराठी शाळांत त्याचे नाव ‘विज्ञान : शाप की वरदान’. आमच्या उर्दू शाळांत तोच निबंध ‘साइन्स : रहमत या ज़हमत’ या नावाने येतो. भाषा बदलली तरी साचा बदलत नाही. वरदानाचे पाच मुद्दे, शापाचे पाच मुद्दे आणि शेवटी ‘विज्ञानाचा वापर कसा करायचा हे माणसाच्या हाती आहे’ हे वाक्य. आम्ही विद्यार्थी असताना हा निबंध असाच लिहिला, बी.एड. झाल्यावर असाच शिकवला आणि असाच तपासला.

काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या आमच्या एका विद्यार्थिनीने हा साचा मोडला. तिच्या घरामागून मुंबईला पाणी नेणारा जाडजूड नळ जातो. त्याच्यावर तिची दादी गोधड्या वाळत घालते. वैशाखात विहीर आटली की घरातल्या बायका हंडे घेऊन त्याच नळाखालून वाकून पलीकडे जातात आणि टँकरची वाट पाहतात. हे सगळे लिहून तिने शेवटी म्हटले होते की, हा पाइप रहमत आहे की ज़हमत ते मला सांगता येत नाही, कारण त्याला आमच्या बाजूला तोटीच नाही. आम्ही लाल शाईने शेरा मारला, ‘विषयांतर. मुद्दे लिही.’ दहापैकी तीन गुण दिले. तो शेरा चुकला होता हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. कसा चुकला, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

वाचकहो, नव्या यंत्राची बातमी आली की आपल्या साहित्यिक मंडळींमध्ये काय घडते ते आपण सर्वजण पाहतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर संमेलनाच्या मंडपात, मुशायऱ्यात, दिवाळी अंकात आणि शिक्षकांच्या खोलीत दोनच आवाज ऐकू येऊ लागले. एक म्हणतो, आता लेखक संपला, शायर संपला, मास्तर संपला. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चला, नाहीतर आपली कौम पुन्हा मागे राहील. दोन्ही आवाज मोठे आणि दोन्ही बाजूंना टाळ्याही मोठ्या. समीक्षक कवितेची चिकित्सा करतो, कादंबरीची करतो. पण यंत्रावरचा शेरा हाही आपल्याकडे एक जुना साहित्यप्रकार आहे, आणि त्याची चिकित्सा फारशी झालेली नाही. तो किती जुना आहे आणि त्यातला टिकाऊ भाग कोणता, हे आधी पाहू.

उर्दू-फारसीच्या परंपरेत या प्रकाराचा ठळक नमुना मिर्झा गालिब यांनी दिला. सय्यद अहमद खान यांनी १८५५ च्या सुमारास अबुल फजलचा ‘आईन-ए-अकबरी’ हा ग्रंथ संपादित केला आणि गालिब यांच्याकडे तकरीज, म्हणजे गौरवाचे चार शब्द, मागितले. गालिबनी फारसी पद्यात जे लिहिले त्याने संपादकाची पंचाईत झाली. त्यांचे म्हणणे असे, की अकबराच्या काळातल्या कायद्यांची धूळ झटकत कशाला बसता? साहेबाकडे बघा. वाफेवर जहाजे चालतात, संदेश क्षणात दूर पोचतो, तेलवातीशिवाय शहर उजळते. तरुणपणी, १८२८-२९ मध्ये, गालिब कलकत्त्याला राहून आले होते. ती नवी दुनिया त्यांच्या डोळ्यांत भरली होती. सय्यद अहमद यांनी ती तकरीज ग्रंथात छापली नाही. पुढे हेच सय्यद अहमद अलीगढला नव्या विद्येचे झेंडेकरी झाले. यावरून आपले सुधारक ‘गालिब आधी, सर सय्यद नंतर’ असा निष्कर्ष काढतात आणि थांबतात.

आम्हाला वाटते, तिथे थांबू नये. १८५७ चे बंड मोडले. संदेश क्षणात पोचवणारी तार त्यात इंग्रजांच्या कामी आली. दिल्ली उजाड झाली. त्यानंतरची गालिबची पत्रे वाचा. मीर मेहदी मजरूह यांना लिहिताना ते सांगतात की लोखंडी सडकेसाठी, म्हणजे रेल्वेसाठी, कलकत्ता दरवाजापासून काबुली दरवाजापर्यंत सगळे मैदान करून टाकले आहे. लाल डिग्गीच्या विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. यंत्राचा गौरव करणारा तोच माणूस आता आपल्या शहरात कोणती विहीर बुजली आणि कोणती खारी झाली याची नोंद ठेवतो आहे. तकरीज हा लांबून दिलेला शेरा होता, पत्र हा गल्लीतून लिहिलेला जबाब आहे. गालिबनी आपले आधीचे मत मागे घेतले असे आम्ही म्हणत नाही. जहाज आणि तार ही त्यांना थोरच वाटत असणार. पण दोन्ही लिखाणे शेजारी ठेवल्याशिवाय यंत्राबद्दलचा पुरा गालिब हाती लागत नाही, आणि आपण मात्र भाषणात सोयीचा अर्धा गालिब वापरतो.

दुसरा नमुना अकबर इलाहाबादींचा. १८४६ ते १९२१ हा त्यांचा काळ. ‘अवध पंच’मधून त्यांचा उपरोध घरोघरी गेला. पाइप आणि टाइप यांचे यमक जुळवून त्यांनी नळाच्या पाण्याची आणि खिळ्यांच्या छपाईची एकत्र खिल्ली उडवली. एकाने पोट बिघडते, दुसऱ्याने डोळे. आजही यंत्राला हसायचे म्हटले की आमचे वक्ते हाच शेर काढतात आणि मंडप डोलू लागतो. अकबर स्वतः सरकारी न्यायाधीश होते आणि मुलाला त्यांनी विलायतेला शिकायला पाठवले होते, ही आठवण कुणी करून देत नाही. पण हा दोष किरकोळ आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या एका यमकात एक तक्रार खरी होती आणि एक खोटी होती.

टाइपबद्दल अकबर बरोबर होते. उर्दूचे नस्तालिक वळण तिरके उतरते. अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आपले रूप बदलते. शिशाच्या सुट्या खिळ्यांना ते जमत नव्हते, त्यामुळे टाइपातली उर्दू डोळ्यांना खरोखर टोचत असे. म्हणून तर मराठी छापखाने खिळ्यांवर स्थिरावल्यानंतरही उर्दूची पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिबाच्या हातची राहिली. तो हाताने लिहायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. पाइपबद्दल मात्र अकबर चुकले. गाळलेल्या नळाच्या पाण्याने शहरांतला कॉलरा हटायला मदतच झाली. असे का व्हावे? कारण अक्षर हा त्यांचा रोजचा व्यवहार होता, त्याची नस त्यांना माहीत होती. पाण्याविषयी त्यांच्याकडे फक्त चव आणि चीड होती. जिथे जाणकारी होती तिथे विनोद टिकला, जिथे नव्हती तिथे नुसते यमक उरले. यंत्रावरच्या कोणत्याही शेऱ्याला लावावी अशी ही कसोटी आहे.

तिसरा नमुना मराठीतला आहे आणि आपल्या मंडपात तो सर्वांत कमी आठवला जातो. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) धरण, कालवा आणि पाटबंधारे खात्याचा विषय येतो. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत, त्यामुळे दगड, चुना आणि साहेब या तिन्हींची त्यांना ओळख होती. ते धरणाला शाप म्हणत नाहीत आणि सरकारची आरतीही ओवाळत नाहीत. पाणीपट्टी घेता, मग पाणी वेळेवर आणि पुरेसे का देत नाही, असे विचारतात. आणि उपाय सांगतात तो असा, की प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या मानाने तोटी करून द्यावी, म्हणजे पाणी वायाही जाणार नाही आणि कुणावर अन्यायही होणार नाही. गालिबच्या तकरीजेत यंत्राचे तेज आहे, अकबरच्या शेरात यंत्राची टर आहे. फुल्यांच्या गद्यात तोटी आहे.

आता पुन्हा आमच्या तालुक्यात येऊ. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबई पिते आहे. पुढे मोडकसागर आले, भातसा आले. अकबरनी ज्या पाइपाच्या पाण्याला नावे ठेवली तो पाइप आमच्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. आमची तक्रार मात्र त्यांच्या उलटी आहे. पाणी पोटात गेल्यावर काय होते हा शहरातल्या माणसाचा प्रश्न झाला; इथे पाणी दारावरून पुढे जाते. उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात, ही बातमी इतकी जुनी झाली आहे की तिला आता बातमी म्हणायलाही लाज वाटते. ‘पाइप’ हे यमक घेऊन टाळ्या मिळवणाऱ्या आमच्या एकाही स्थानिक शायराने हा नळ कवितेत आणलेला आम्ही ऐकला नाही. आम्हीही आणला नाही. तो एका नववीतल्या मुलीने आणला, आणि आम्ही त्याला विषयांतर म्हटले.

सरळांबे या गावाचे नावही असेच विसरले जाते आहे. ३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र उलटल्यावर शहापूर तालुक्यातल्या या गावी समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. त्यांतले बरेचसे दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले मजूर आणि तंत्रज्ञ होते. तीन-चार दिवस आमच्या चहाच्या टपऱ्यांवर विकासाला शिव्या चालल्या. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, तेव्हा त्याच टपऱ्यांवर नागपूर किती तासांत येते याचे कौतुक सुरू झाले. रस्ता चांगला आहे, आम्हीही त्यावरून गेलो आहोत. पण आधी ज़हमत, मग रहमत, असा आपला निबंध दोन वर्षांत पुरा झाला आणि त्या वीस जणांना त्यात एक ओळही मिळाली नाही. अशा ओळी लिहिणे हे साहित्याचे काम नव्हे काय? बार्शीच्या गिरणीत काम केलेल्या अमर शेखांनी, गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांनी ते केले. त्यांच्या कवितेत भोंगा आहे, आणि भोंग्याबरोबर उठणारा माणूसही आहे.

इथे आमचा स्वतःचा गुन्हा कबूल करायला हवा. मुरबाडला एका छोट्या मुशायऱ्यात आम्ही एक नज़्म वाचली होती. कॉम्प्युटरने कातिबाचा कलम हिसकावला, शैतानाच्या हाती दिला, अशी तिची कल्पना. भरपूर दाद मिळाली. आमचे मामू मागच्या रांगेत बसले होते. ते भिवंडीला कातिब होते. पानावर मजुरी, बोरू तासलेला, काळी शाई, आणि चूक झाली तर ब्लेडने हलकेच खरवडून दुरुस्ती. १९९४ मध्ये इनपेज हे उर्दूचे सॉफ्टवेअर दिल्लीहून बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत मामूंचे काम आटत गेले. आधी पुस्तके गेली, मग लग्नपत्रिका, शेवटी दुकानांच्या पाट्या होत्या त्याही फ्लेक्सने नेल्या. म्हणजे आमची नज़्म त्यांच्याच दुःखावर होती. मामू खूश होतील असे आम्हाला वाटले होते.

परतताना सरळगाव-किन्हवलीमार्गे एस.टी. होती. बराच वेळ मामू गप्प होते. मग म्हणाले, “बेटा, तू ज्याला शैतान म्हणालास त्याच्या आतले हर्फ कुणाचे आहेत, ठाऊक आहे?” आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही नज़्म लिहिली होती, चौकशी केली नव्हती. कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा जे नस्तालिक आले त्याचे नाव नूरी नस्तालिक. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी आपल्या हाताने हजारो जोडरूपे लिहिली, मोनोटाइप या इंग्रजी कंपनीने ती यंत्रात बसवली, आणि १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ हे वर्तमानपत्र त्या अक्षरांत निघाले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्यांनी त्या अक्षराला नूरी म्हटले. तेच वळण पुढे इनपेजमधून आपल्याकडे घरोघर पोचले. मामू म्हणाले, “हात कातिबाचाच आहे. मशीनला मी काय म्हणून शिव्या देऊ? माझे म्हणणे एवढेच की एका हाताने लिहिलेले सगळ्यांच्या कामी आले, ते चांगलेच झाले. पण बाकीच्या हातांचे काय करायचे हे कुणी विचारले नाही. मालकाने नाही, अंजुमनने नाही, तुम्ही शायरांनीही नाही.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहाचे निमित्त करून खाली उतरलो.

मामू आता नाहीत. त्यांचे तीन बोरू आमच्या कपाटात आहेत. पण त्यांचा प्रश्न आज कुठल्या कुठे पोचला आहे पहा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-मालिकांच्या लेखकांनी २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत संप केला. मानधनाच्या मागण्यांबरोबर, आमच्या जागी यंत्राकडून लिहून घेऊ नका, अशी त्यांची मागणी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या आपल्या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीच्या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आमच्या बातम्या आम्हाला न विचारता यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या, ही तक्रार. शब्द नवे आहेत, प्रश्न एस.टी.तला आहे. यंत्राच्या आतले हर्फ कुणाचे, आणि त्या हातांचे काय? यात रहमत-ज़हमतीचा निवाडा कुठेच नाही. विचारून घ्या, मोबदला द्या, काम जाणाऱ्याची सोय बघा, एवढे साधे म्हणणे आहे. फुल्यांच्या भाषेत सांगायचे तर तोटी करून द्या.

अशी नेमकी मागणी फळालाही येते. मोबाइलवर उर्दू बराच काळ अरबी पद्धतीच्या नस्ख वळणातच दिसत असे. ‘उर्दू मेली’ असा शोक करणारे तेव्हा पुष्कळ होते. पण आम्हाला आमचे नस्तालिक हवे, फोनमध्ये ते बसवा, असे नेमके मागणारेही होते. २०१४ मध्ये गूगलने नस्तालिकचा मोफत फॉन्ट दिला, २०१७ मध्ये आयफोननेही उर्दूसाठी ते वळण घेतले. शोकाने झाले की मागणीने, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आमचा कौल मागणीच्या बाजूने आहे.

शाळांचेही तेच. आमच्याच तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा गेल्या दशकात डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नावाजली. तेव्हा शिक्षकांत दोन तट पडले, एक म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे देखावा. विजेचे बिल कोण भरणार, पडदा बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, त्यावर उर्दूतले धडे कुठून येणार, हे विचारणारे थोडे होते. प्रश्न छोटे होते, म्हणून त्यांना टाळ्या नव्हत्या.

या वर्षी आम्ही पुन्हा तोच निबंध दिला. एका मुलाने फोनवरच्या यंत्राकडून तो लिहून आणला, आणि आम्ही विचारल्यावर प्रामाणिकपणे तसे सांगितलेही. आम्ही तो वाचला. रहमतीचे पाच मुद्दे, ज़हमतीचे पाच मुद्दे, शेवटी ‘वापर माणसाच्या हाती आहे’. भाषा स्वच्छ, शुद्धलेखन बिनचूक. आमच्या नेहमीच्या पद्धतीने तपासला असता तर दहापैकी आठ सहज मिळाले असते. तेव्हा आमच्या ध्यानात आले की यंत्राने मुलाची नक्कल केलेली नाही, आमची केली आहे. वर्षानुवर्षे आम्ही मुलांकडून जो साचा गिरवून घेतला तोच त्याने परत केला. आणि घरामागच्या नळाचा, दादीच्या गोधड्यांचा, नसलेल्या तोटीचा निबंध त्या यंत्राला स्वतःहून सुचला नसता. तो तिथे राहणाऱ्या मुलीलाच सुचला होता. त्याला आम्ही तीन गुण दिले होते.

म्हणून आपल्या लेखकांना, आणि त्यांत आम्ही स्वतःही आलो, एक विनंती आहे. नव्या यंत्राची बातमी आली की पहिल्या दिवशी शेर नको आणि तकरीजही नको. आधी आपल्या गल्लीत जाऊन बघावे. भिवंडीच्या यंत्रमागावर, मुरबाडच्या कारखान्यात, शहापूरच्या नळाशेजारी, उर्दू शाळेच्या शिक्षककक्षात कुणाचे काम बदलले, कुणाचे गेले, कुणाला नवे मिळाले, ते त्याच्या तोंडून ऐकून लिहावे. मुसलमान मराठी लेखकाला हे जास्त जमायला हवे, कारण कातिब, विणकर, बेकरीवाला, गॅरेजवाला ही आपल्याच घरातली माणसे आहेत. त्यांचे हात आपण रोज पाहतो. त्यांच्यावर लिहिताना यमक जुळले नाही तरी चालेल.

ती विद्यार्थिनी आता कॉलेजात आहे, कल्याणला जाते. मध्यंतरी बाजारात भेटली तेव्हा त्या निबंधाचा विषय आम्ही काढला. तिला आठवत होता. गुणही आठवत होते. आम्ही माफी मागितली तर ती हसली आणि म्हणाली, “सर, तोटी अजून नाही.”